तांबी काढल्यावर पाळी कधी येते? (लवकर सांगा)

वैतागवाडी
तांबी काढून महिना उलटला. काढताना काहीच विशेष नाही, खोकायला सांगितलं आणि दोन मिनिटांत बाहेर. दोनतीन दिवस तपकिरी डाग, ओटीपोटात थोड्या कळा, मग सगळं बंद. पाळीचा पत्ता नाही. छाती जड वाटते. डॉक्टरीणबाई परगावी गेल्यात आणि गूगल उघडलं की कॅन्सरच निघतो. हे नॉर्मल आहे का, एवढंच सांगा.

अबोली
अगं घाबरू नकोस! मी काढली तेव्हा पुढची पाळी ठरल्या तारखेला आली, तीही तांबी असतानापेक्षा कितीतरी कमी. तू फॉलिक ॲसिड सुरू केलंस का? रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायचं असतं. गोड बातमी कळव हं!

ढगाळ
चान्स घ्यायची घाई नको. गर्भपिशवीला तीन महिने विश्रांती लागते. माझ्या जावेला तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

उपकेंद्र_सिस्टर
@ढगाळ, विश्रांती वगैरे काही लागत नाही. तांबी निघाली की त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. वाट बघावी लागते ती अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर. शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात.
@वैतागवाडी, कोणती तांबी? वय काय? काढायच्या आधीच्या आठवड्यात संबंध आला होता का? नंतर काही साधन वापरलं का? ताप, घाण वास, जोरात पोटदुखी?

ढगाळ
म्हणजे एमडी डॉक्टर खोटं बोलतात?

उपकेंद्र_सिस्टर
जावेचं काय होतं ते मला माहीत नाही. तुम्हालाही नसावं.

कुसुमआजी
आमच्या वेळी लूप होता. १९६५ साली सरकारने आणला, भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण. माझ्या सासूबाईंना वाटायचं तो वर चढून काळजात जातो. कुठे जातोय! पिशवीला छेद गेला तर पोटात सरकतो, पण तेही क्वचित.

खडूस_काका
या सगळ्या भानगडी बाईच्याच गळ्यात का? बिनटाक्याची नसबंदी करून घ्यावी. मी करून घेतली, त्याच संध्याकाळी घरी चहा केला.

अबोली
काका, कडक सलाम. पण तीन महिन्यांनी वीर्य तपासून घेतलंत ना? तोवर भरवसा नसतो.

खडूस_काका
घेतलं. धागाकर्ती कुठे गायब?

वैतागवाडी
स्वयंपाक कोण करणार? आणि चान्स कोण घेतंय? माझी मुलगी बारावीला आहे! मी सेहेचाळीस पूर्ण. मुळात मूल नको म्हणून बसवलीच नव्हती, अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन आठवर आलं होतं म्हणून बसवली. मिरेना. पाच वर्षं भरली म्हणून काढली. शेवटची दोन वर्षं तर पाळी जवळजवळ नव्हतीच. ताप, वास काही नाही. संबंधाचं म्हणाल तर नवरा आहे मला. साधन कशाला, या वयात?

उपकेंद्र_सिस्टर
अहो, हे आधी सांगायचं ना! मिरेनात तांबं नसतंच, हार्मोन असतं. त्याने पिशवीचं आतलं अस्तर पातळ होतं, म्हणून पाळी कमी होते किंवा बंद होते. काढल्यावर ते अस्तर पुन्हा तयार व्हायला एक ते तीन महिने लागू शकतात. म्हणजे महिनाभर पाळी नाही यात नवल नाही.
पण सेहेचाळिशीत दिवस जातात. मिरेना असताना पाळी नव्हती म्हणून ती कायमची गेली असं धरता येत नाही. सलग बारा महिने आली नाही तरच गेली म्हणायचं, आणि पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं साधन वापरायचं. आधी दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट आणा, आशाताईंकडे फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी.

ढगाळ
म्हणजे थांबायला तीन महिने लागतातच! मी काय वेगळं म्हणत होते?

उपकेंद्र_सिस्टर
🙏

जास्वंद
माझीही हार्मोनवालीच होती. पाळी परत आली ती जुन्या जोरातच, पहिल्याच दिवशी गाठी. तुझा मूळ त्रास परत येऊ शकतो हे डोक्यात ठेव. तासाला एक पॅड भिजायला लागलं तर डॉक्टरीणबाईंची वाट बघत बसू नकोस, जे दवाखाने उघडे असतील तिथे जा. हिमोग्लोबिन आत्ताच करून घे.

नवा_सदस्य
मिरेनाने वजन वाढतं का? बायकोसाठी विचारतोय.

वैतागवाडी
आशाताई आमच्याच गल्लीतल्या, त्यांच्याकडे मागितलं तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळेल. ह्यांना मेडिकलमध्ये पाठवलं. तिथे ओळखीचा पोरगा म्हणून हे दोन चौक पुढे गेले आणि किटऐवजी ओव्ह्युलेशनची पट्टी घेऊन आले.

उपकेंद्र_सिस्टर
ती परत करा. किटवर एकच रेघ आली तर आठवड्याने पुन्हा करा, दोन आल्या तर लगेच सोनोग्राफी. काहीही येवो, तोवर निरोध वापरा.

खडूस_काका
ह्यांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. नसबंदीचं मी समजावतो.