अल्लादिया खाँसाहेबांची गायकी: कुणाचं ध्वनिमुद्रण आधी ऐकावं?

शाहूपुरी_षड्ज
जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या आवाजाची तबकडी नाही. मग बसंती केदार, नट कामोद, संपूर्ण मालकंस हे राग ऐकायचे तर सुरुवात त्यांच्या गायकीतल्या केसरबाई केरकरांपासून करावी, मल्लिकार्जुन मन्सूरांपासून की किशोरीताई आमोणकरांपासून? एकेका रागाची पाच-सहा मुद्रणं मिळतात. लय वेगळी असते, कधी पट्टीसुद्धा (म्हणजे 'सा' कुठल्या उंचीवर धरलाय ते). त्यात खाँसाहेबांकडून आलेलं कुठलं आणि गाणाऱ्याचं स्वतःचं कुठलं, हे कसं ओळखायचं?

पंचगंगा_काठ
मन्सूरांची मैफल घ्या, तीही उतारवयातली. त्यांची तालीम मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या खाँसाहेबांच्या दोन मुलांकडची. बसंती केदारातलं 'अतर सुगंध' लावा आणि पहिल्यांदा फक्त सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, पकडा. १६ मात्रांचा तीनताल आहे. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. १६ सेकंद आले तर मिनिटाला ६० मात्रा. ही लय धरून दुसऱ्यांदा ऐकलं की स्वरवाक्य आवर्तनभर (समेपासून समेपर्यंतच्या फेऱ्यात) न तुटता कसं वळत जातं आणि मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची ओळ, कुठून उचलला जातो ते दिसतं. बसंत कुठे संपला आणि केदार कुठे सुरू झाला, तो सांधा तिसऱ्या खेपेला शोधा. पहिल्याच खेपेला राग ओळखायला गेलात की ताल हातून सुटतो, आणि या गायकीत ताल सुटला म्हणजे निम्मं गाणं गेलं.

किशोरीताईंचा संपूर्ण मालकंस जरूर ऐका, पण नंतर. त्यांनी आलाप संथ केला, स्वराचा विचार वेगळ्या दिशेला नेला. ते मोठं काम आहे, पण त्यावरून खाँसाहेबांच्या लयीचा अंदाज बांधू नका. आणि कौशी कानड्याशी गोंधळ करू नका. संपूर्ण मालकंसासारखे रिषभ-पंचम तिथेही आहेत, पण ते कानडा अंगाने, म्हणजे कानडा रागाच्या वळणाने, येतात.

मंद्रसप्तक
केसरबाईंना मागे ठेवणं मला पटत नाही. १९२१ पासून १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत त्या थेट त्यांच्याकडे शिकल्या. फक्त ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी मैफलीसारखी ऐकू नका. एका बाजूला जेमतेम २०० सेकंद. १६ सेकंदांचं आवर्तन धरलं तर सगळी मिळून बारा आवर्तनं, त्यातच अस्थायी, अंतरा आणि ताना. म्हणून बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, शोधू नका. ललिता गौरीची तबकडी घ्या आणि आकार, म्हणजे 'आ' या स्वरातलं गाणं, ऐका: भरलेला, खुला, तानेतसुद्धा दाणा स्वच्छ.

मुद्रण निवडताना खरखर असलेलंच घ्या. जास्त साफ केलेल्यात खरखरीबरोबर तंबोरा आणि आवाजाची वरची धारही जाते, 'स'कार बोथट ऐकू येतात.

शाहूपुरी_षड्ज
पट्टीचं काय? एकच तबकडी दोन ठिकाणी दोन पट्ट्यांत ऐकू येते.

काळी_एक
तबकडी उतरवून घेताना फिरण्याचा वेग चुकतो. ७८ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरवली की स्वर पेटीवरच्या काळी एक ते शेजारची पांढरी दोन या अंतराच्या निम्म्याला थोडा कमी एवढा चढतो, लयही अडीच टक्क्यांनी वाढते. मात्र षड्ज ('सा') दोन पट्ट्यांच्या मधे पडला एवढ्यावरून वेग चुकला असं धरू नका. तंबोरा तेव्हा गळ्याला सोईचा लावत, पेटीच्या पट्टीला बांधलेला नसे. त्याच गायिकेच्या चार तबकड्या शेजारी ठेवा. एकीतच आवाज पातळ आणि ताना घाईच्या वाटल्या, तर ती वेगाने उतरवलेली. वेग बदलता येणाऱ्या प्लेअरवर दोन-अडीच टक्के खाली आणून बघा. त्यात 'पट्टी कायम ठेवा' असा पर्याय असतो, तो आधी बंद करा. नाहीतर नुसती लय उतरते, स्वर तिथेच राहतो.

पंचगंगा_काठ
केसरबाईंबद्दल मान्य. पण बारा आवर्तनांत मांडणी समजत नाही, म्हणून दोघांच्या मधे धोंडूताई कुलकर्णी ठेवा. आपल्या कोल्हापूरच्याच. आधी भुर्जी खाँ, मग केसरबाई, अशी दोन्हीकडची तालीम, आणि गाणंही सावकाश उलगडणारं. मन्सूरांनंतर त्यांचं एखादं लांब मुद्रण, मग केसरबाईंची तबकडी. तोवर कान तयार झालेला असतो, आणि त्या २०० सेकंदांत काय काय गाळलंय तेही ओळखता येतं.