होडीच्या मोटरला लिथियम: काट्यावर विसंबू नका
होडीच्या मोटरला लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी तेवढ्याच १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिथियम बॅटरी पुरेल का, असा प्रश्न आहे. पुरेल, आणि उरेलही. लेडवाली निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, म्हणजे हाती ५० एएच. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या लिथियम बॅटरीची ८०-९० एएच बिनधास्त वापरा. वजनही निम्म्याहून कमी, साधारण १२ किलो.

पण चार्ज किती उरलाय हे बघायला व्होल्टमीटरवर जाऊ नका. ऐरोलीच्या खाडीत माझा काटा जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास, आणि मग बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या आतल्या सर्किटने) एकदम सप्लायच तोडला. त्यात ओहोटी लागलेली! वल्ही सोबत होती म्हणून चिखलात रुतलो नाही. आता किती अँपिअर-तास वापरले ते मोजणारा शंट (तारेत जोडायचा करंट मोजणारा भाग) बसवलाय. आणि हो, जुना चार्जर डिसल्फेशनवाला (लेड प्लेटांवर साचलेलं सल्फेट काढणारा) असेल तर लिथियम बॅटरीला लावूच नका, व्होल्टेज फार चढवतो.