कात टाकल्यानंतर जखमी झालेल्या हर्मिट क्रॅबसाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या दादरच्या घरी पाळलेला जमिनीवरचा हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) कात टाकून वाळूतून वर आला असून, त्याचे कवच अद्याप मऊ असतानाच टाकीतील दुसऱ्या खेकड्याने हल्ला केल्यामुळे त्याचा एक पाय सांध्यापासून तुटला आहे. त्याला तूर्त वेगळ्या झाकणबंद पेटीत ओलसर वाळूवर ठेवले आहे. क्लोरीन काढलेले गोडे पाणी, सागरी मिठाचे पाणी आणि कॅल्शियमसाठी त्याचीच टाकलेली कात जवळ ठेवली आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आहे, जी मुंबईच्या पावसाळ्यात राखणे फारसे अवघड नाही.

तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना पुन्हा वाढतो, हे ठाऊक आहे. चिंता आहे ती आत्ताची: तो शंखातून निम्मा बाहेर लोंबकळतो आणि काहीच खात नाही. जखमेला काही लावावे, की हात न लावणेच योग्य? त्याने पुन्हा वाळूत पुरून घेतल्यास तसेच राहू द्यावे का? कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, परंतु खेकडा म्हटल्यावर बहुतेकांना कालवणच आठवते. तेव्हा दादर-परळ परिसरात असे प्राणी तपासणारे पशुवैद्य कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.