मदत हवी आहे: घोस्ट ऑफ योतेई आत्ताच पूर्ण किमतीला घ्यावा का?

रानवाट: २ ऑक्टोबरला आल्यापासून डोक्यात हाच गेम आहे. पाच हजारांच्या आसपास जातोय. आत्ता घेऊ की दिवाळीनंतर उतरेल? शनिवारपासून सुट्टी आहे, त्याआधी ठरवायचंय. याआधीचा घोस्ट ऑफ त्सुशिमा अर्धवट राहिलाय. पटकन सांगा.

अवलिया: खेळणार कशावर?

कोहळा: थांब. त्सुशिमा जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशन ४वर (पीएस४) आला आणि मे २०२४ मध्ये पीसीवर. हाही कदाचित येईल. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलास तर पैसे परत मिळतात. ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे?

रानवाट: पीसी नाहीये हो. पीएस५ आहे.

अवलिया: डिस्क ड्राइव्हवाला असेल तर बिनधास्त डिस्क घे. संपव आणि विकून टाक. मी नेहमी तेच करतो. डिस्कवर ओरखडा नसला आणि कव्हर शाबूत असलं की गिऱ्हाईक लगेच मिळतं.

मध्यमा: अवलिया, प्रत्येक धाग्यावर तुझं हेच. जुन्या डिस्कच्या विक्रीतून बनवणाऱ्यांना दमडी मिळत नाही. एवढा मन लावून केलेला गेम आवडणार असेल तर पूर्ण पैसे द्यावेत.

अवलिया: ताई, तो शिकतोय की कमावतोय तेही आपल्याला माहीत नाही. पाच हजार म्हणजे कुणाचं महिन्याचं मेसबिल असतं.

रानवाट: डिजिटल आहे माझा, ड्राइव्ह नसलेला. जुना, जाडा.

कोहळा: नंतरचा स्लिम असता तर ड्राइव्ह वेगळी आणून लावता आली असती. जुन्याला नाही.

अवलिया: मग माझा सल्ला बदलला. डिजिटल प्रत विकता येत नाही. प्लेस्टेशन स्टोअरवर परताव्याला १४ दिवस असले तरी डाउनलोड सुरू झालं की तो हक्क जातो. घेतलासच तर ऑटो-डाउनलोड आधी बंद कर.

सायली: त्सुशिमा आधी संपवायलाच हवा असं नाही. तो घडतो १२७४ मध्ये, हा १६०३ मध्ये, नायिका आत्सूही नवी. पण तो सोडलास का? कंटाळून सोडला असशील तर योतेईत पैसे घालू नकोस. इथेही मोकळा मुलूख आणि वारा नेईल तिकडे घोडा काढायचा.

भटक्या: योतेई घडतो ते एझो म्हणजे जपानमधलं आजचं होक्काइदो. योतेई खरा डोंगर आहे, १८९८ मीटर. जवळच्या निसेको गावाहून काय दिसतो! फुजीसारखाच शंकू, म्हणून त्याला एझो फुजी म्हणतात. जमलं तर उन्हाळ्यात जाऊन या.

मध्यमा: भटक्या, वेगळा धागा काढा ना, मी वाचेन.

रानवाट: कंटाळून नाही, परीक्षा आली म्हणून राहिला. पीएस प्लस एक्स्ट्रावर खेळत होतो, वर्गणी संपली.

सायली: मग एका महिन्याची वर्गणी भर आणि सुट्टीत तोच पुरा कर. भरण्याआधी तो अजून यादीत आहे ना, एवढं बघ. सेव्ह आहे का?

रानवाट: सेव्ह कन्सोलवरच आहे, आत्ता पाहिलं. एक महिना भरतो. योतेई विशलिस्टमध्ये टाकलाय.

मध्यमा: उतरायची वाट बघत बसू नकोस पण. त्सुशिमा संपल्यावरही ओढ राहिली तर सरळ घे.