पाऊस ‘हेवी’ का आणि चहा ‘स्ट्राँग’ का?

शहापूरकरीण

सकाळपासून नुसता धो धो पडायलाय, म्हणून पावसाचीच शंका विचारते. भाची नववीत आहे. पावसाळ्यावरच्या इंग्रजी निबंधात तिनं ‘स्ट्राँग रेन’ लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारून वर ‘हेवी’ लिहून दिलं. खाली ‘आय गेव्ह द एक्झाम’ होतं, त्यालाही रेघ. पोरगी वही घेऊन माझ्यापुढं बसली, “आत्या, ह्यात व्याकरणाची चूक कुठं आहे ते दाखव.” मला काही दाखवता येईना. विशेषण बरोबर, नाम बरोबर, स्पेलिंगही बरोबर. चहा स्ट्राँग चालतो, वारा स्ट्राँग चालतो, मग पावसानंच काय घोडं मारलंय?

‘हेवी’ म्हटलं की मला आमच्या गल्लीतली साडीची दुकानं आठवतात. तिथं ‘हेवी साडी’ म्हणजे जरीकाम भरपूर आणि दामही भरपूर.

जुना मास्तर

ताई, व्याकरणाची चूक नाहीच, तेव्हा ती दाखवणार कशी? हा सगळा सोबतीचा मामला आहे. कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो, हे त्या भाषेत आधीच ठरून गेलेलं असतं आणि त्याला दर वेळी कारण सापडतंच असं नाही. इंग्रजीत पाऊस, रहदारी आणि दंड हेवी असतात. ज्याला सिगारेटशिवाय चालत नाही तो ‘हेवी स्मोकर’ आणि ज्याला ढोल वाजवूनही जाग येत नाही तो ‘हेवी स्लीपर’. वारा मात्र स्ट्राँग. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. चहा ‘स्ट्राँग’ म्हणावा, मोटार ‘पॉवरफुल’ म्हणावी. अर्थ जवळपास एकच, पण अदलाबदल केली की इंग्रजाच्या कानाला खटकतं.

या जोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ एकत्र ठेवणं. शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा, ही गोष्ट फर्थ नावाच्या इंग्रज प्राध्यापकानं ठासून मांडली. हा गृहस्थ 1919 ते 1928 लाहोरला इंग्रजी शिकवत होता. त्याच्या आसपासच्या काळात हॅरल्ड पामर जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याबाबत सरकारी सल्लागार होता, आणि 1933 साली त्यानं अशा जोड्यांचा मोठा संग्रह काढला. दोघांचं बस्तान विलायतेबाहेर, परभाषिक पोरांत. मला यात नवल वाटत नाही. घरच्या माणसाला ‘हेवी रेन’ची गंमत कशाला कळेल? ती तुमच्या भाचीसारखी पोरं चुकायला लागली म्हणजे कळते.

आपल्याकडंही तेच आहे की. आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो. मुसळधार वारा, मुसळधार घाम कधी ऐकलाय? आणि ‘गाढ’ला झोप, मैत्री, अंधार असे मोजकेच शेजारी. उद्या एखादा परदेशी ‘गाढ चहा’ मागायला लागला तर तुम्हीही लाल रेघच माराल.

खानापूरकर

पावसावर बोलायचा हक्क आमचा! कणकुंबीला, मलप्रभा उगवते तिथं, पाऊस बघायला या. तिथं ‘हेवी’ शब्दही भिजून जातो.

पण मला दुसऱ्या लाल रेघेबद्दल सांगायचंय. माझं निम्मं शिक्षण मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. वर्गात दोन बाकांवर दोन चुका असायच्या. मराठी घरातली पोरं ‘गिव्ह एक्झाम’ म्हणायची, कारण आपण परीक्षा *देतो*. कन्नड घरातली पोरं ‘राइट एक्झाम’ म्हणायची, कारण कन्नडमध्ये परीक्षा *लिहितात*, ‘परीक्षे बरेयोदु’. इंग्रजांच्या देशात परीक्षा ‘टेक’ करतात नाहीतर ‘सिट’ करतात. म्हणजे नुसतं वाक्य ऐकून पोरगं कुठल्या घरचं ते सांगता यायचं. पुढं कळलं की कॅनडात ‘राइट अॅन एक्झाम’ सर्रास चालतं. आमचे कन्नड दोस्त तिकडं गेले असते तर पास!

काही चुकांत मात्र आपली दोघांची एकी आहे. मराठीत चूक *करतो*, कन्नडमध्ये ‘तप्पु *माडु*’. आपल्याकडं ‘करणे’ आणि त्यांच्याकडं ‘माडु’ एकटं सगळा गाडा ओढतं. इंग्रजीनं तेच काम दोघांत वाटलंय. होमवर्क ‘डू’, मिस्टेक ‘मेक’. म्हणून ‘आय डिड अ मिस्टेक’ हे आपल्या भागातलं सर्वपक्षीय वाक्य आहे. सर्दीचंही तसंच. आपल्याला सर्दी *होते*, कन्नडमध्ये ‘नेगडि *आगिदे*’, म्हणजे झालीय. इंग्रज मात्र तिला धावत जाऊन पकडल्यासारखं ‘कॅच’ करतो.

जुना मास्तर

खानापूरकरांनी नाडी बरोबर पकडली. जोडीतलं नाम सहसा चुकत नाही, चुकतं ते क्रियापद. कारण नामाला अर्थ असतो आणि क्रियापद तिथं नुसतं हमालीला असतं. आपल्या ‘लावणे’चंच बघा. दिवा लावतो, कुलूप लावतो, पोराला शाळेत लावतो, कुणाला नाद लावतो, उशीरसुद्धा लावतो. या सगळ्यांना चालेल असा एकच शब्द इंग्रजीत नाही.

म्हणून भाचीला माझं सांगणं एवढंच: वहीत सुटा शब्द लिहू नकोस. ‘अटेंशन = लक्ष’ असं लिहिलं की ‘गिव्ह अटेंशन’ आलंच म्हणून समज, कारण आपण लक्ष *देतो*. तिथं ‘पे अटेंशन’ अशी जोडीच उतरवायची, समोर ‘लक्ष देणे’. ‘टेल अ लाय’समोर ‘खोटं बोलणे’. ‘टेक अ फोटो’समोर ‘फोटो काढणे’, नाहीतर पोरं ‘रिमूव्ह फोटो’ म्हणतात, हे मी या कानांनी ऐकलंय. ‘टेक अ टॅब्लेट’समोर ‘गोळी *खाणे*’. आणि निर्णय ‘मेक’ की ‘टेक’ म्हणून भांडू नये. अमेरिकेत बहुतेक ‘मेक’, विलायतेत दोन्ही.

निपाणीकर

आम्हाला इंग्रजी कमी, पण जोड्यांचा विषय निघाला म्हणून एक खडा टाकतो. आपण म्हणतो सीमा*प्रश्न*. कन्नड पेपर म्हणतो ‘गडी *विवाद*’. इंग्रजी पेपर म्हणतो ‘बॉर्डर *डिस्प्यूट*’. नकाशा एकच, राज्यांची फेररचना झाली ते 1956 सालही तेच. प्रश्न म्हटलं की उत्तर यायचं बाकी असतं, विवाद म्हटलं की दोन बाजू आल्या. पोरांनी इंग्रजी निबंधात ‘बॉर्डर क्वेश्चन’ लिहिलं तर बाई लाल रेघ मारतील काय?

जुना मास्तर

मी तरी मारणार नाही! भाषेच्या अंगानं ‘डिस्प्यूट’ जास्त रुळलेलं आहे, पण ‘क्वेश्चन’ चूक नव्हे. इंग्रजीत वादाच्या राजकीय विषयाला ‘क्वेश्चन’ जोडायची जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात तुर्की साम्राज्याच्या भवितव्याला युरोपभर ‘ईस्टर्न क्वेश्चन’च म्हणत होते. बाकीचं राजकारण इथं नको, शब्दांवरच राहू या.

खानापूरकर

मग एक हलकी जोडी घ्या. आपण ‘जेवणबिवण’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘ऊट-गीट’. आपल्याला ‘बि’, त्यांना ‘गि’. आमच्या घरी पाहुणा बघून दोन्ही चालतं. इंग्रजीत याला काय?

आणि क्रमाचंही सांगा. आपण आई-वडील म्हणतो, कन्नडमध्ये ‘तंदे-तायि’, बाप पुढं.

जुना मास्तर

असा शेपटीचा शब्द इंग्रजीत सरसकट बनत नाही. ‘फूड अँड ऑल दॅट’ असं काहीतरी म्हणावं लागेल, पण बिवणची चव त्याला नाही.

क्रम मात्र तिथंही पक्का. ‘ब्रेड अँड बटर’, ‘सॉल्ट अँड पेपर’. उलटं केलं तर चूक नाही, पण सांधा खटकतो. आपण ‘भाकर-मीठ’ म्हणून बघा. यातल्या काही जोड्या तर एकाच अर्थाच्या दोन शब्दांच्या. मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात. ‘विल’ अस्सल इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनकडून आलेला. 1066 नंतर नॉर्मन राजवटीत कचेरीची भाषा एक आणि रयतेची दुसरी, त्यामुळं कायद्याच्या कागदांत अशा जोड्या बळावल्या. आपल्याकडं कागदपत्र, धनदौलत, लाजशरम, बाजारहाट बघा. एक शब्द फारसी-अरबीच्या वाटेनं आलेला, एक इथला. दोन भाषांत एकदम राहणाऱ्या माणसांची ही सवयच असावी. आपण सीमाभागातल्यांनी त्याचं नवल करू नये.

शहापूरकरीण

सगळं भाचीला वाचून दाखवलं. पोरीनं वहीला मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले आणि पहिल्या झटक्यात मलाच अडवलं. “आत्या, कडक चहा स्ट्राँग ना? मग कडक शिस्त?” मी म्हटलं ‘स्ट्रिक्ट’. “कडक उपास?” तोही ‘स्ट्रिक्ट’. “कडक थंडी?” ती मला बऱ्याच वेळानं सुचली, ‘बिटर कोल्ड’, म्हणजे थंडी कडू! “कडक ऊन?” इथं मी ‘स्ट्राँग सन’वर भागवलं, ते चालतं ना? मग म्हणते, “कडक इस्त्री?” तिथं मात्र मी हात टेकले.

निपाणीकर

इस्त्रीचं मास्तर सांगतील. आमच्या गावची कडक तंबाखू मात्र ‘स्ट्राँग’च लिहा, ते विचारायला नको.

जुना मास्तर

‘स्ट्राँग सन’ चालतं. इस्त्रीला ‘क्रिस्प’ म्हणा, ‘क्रिस्प शर्ट’. खळ घालून ताठ केलेला असेल तर ‘स्टिफ कॉलर’. पण कडकलक्ष्मीचं इंग्रजी मला विचारू नका.