मदत हवी आहे: रेव्हरंड रुपर्ट इंग्लिस यांचे शेवटचे दिवस

इंग्लंडकडून १८८६ मध्ये ३ रग्बी सामने खेळलेले, पुढे केंटमधल्या फ्रिटेंडनचे रेक्टर (चर्चचे मुख्य पाद्री) आणि मग सैन्यातले पाद्री झालेले रुपर्ट इंग्लिस १८ सप्टेंबर १९१६ ला पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, जखमींना आणताना तोफगोळ्याने मारले गेले. (१८५७ ला लखनौची रेसिडेन्सी लढवणारे जॉन इंग्लिस त्यांचे वडील.) लंडनचं कुणी क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्यातून डब्ल्यूओ ९५ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखात्याच्या कागदांच्या) मालिकेतली त्या आठवड्याची युद्धदैनंदिनी बघून देईल का? रीडर्स तिकीट लागतं, आत पेन चालत नाही, पेन्सिलच न्या. मोबाइलने फोटो काढता येतात. नुसती बटालियनची डायरी पुरत नाही. पाद्री चॅप्लेन्स डिपार्टमेंट या सैन्यातल्या पाद्रींच्या खात्याचे, बटालियनला फक्त जोडलेले, त्यामुळे नाव सुटतं. त्यांची बटालियन ज्यात होती त्या ६व्या डिव्हिजनच्या कागदांत ‘सी.एफ.’ (चॅप्लेन टू द फोर्सेस, म्हणजे सैन्याचे पाद्री) ही अक्षरंही शोधा.