मदत हवी आहे: कपड्यांच्या दुकानात बिलिंगला लागले आहे, घडी सांभाळू की रांग?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात बिलिंग काउंटरला लागून तीन आठवडे झाले. वय ४६, घराबाहेरची पहिलीच नोकरी. कॉम्प्युटरची धास्ती होती, ती चार दिवसांत गेली. अडलंय ते घडीवर. हसू नका.

माझं माहेर येवल्याचं. वडील साड्यांच्या दुकानात गादीवर बसायचे. गिऱ्हाइकापुढे वीस साड्या उलगडायच्या आणि ते उठून गेलं की वीसच्या वीस पुन्हा मूळ घडीवर आणायच्या, जरीची बाजू आत ठेवून. चोळामोळा करून कापड हातात देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. इथे शनिवारी संध्याकाळी माझ्यापुढे बारा-पंधरा माणसं उभी असतात. सुपरवायझर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणतो, "ताई, घडी घरी घालतील ते, तुम्ही फक्त भरा." शेजारच्या काउंटरवरची मुलगी हँगर गळ्यातून खसकन ओढते आणि कुर्ता गुंडाळून पिशवीत कोंबते. तिची रांग भराभर सरकते, माझ्या रांगेतली माणसं तिच्याकडे जाऊन उभी राहतात.

हँगर काढा, बारकोड मारा, चोरी रोखायला लावलेला तो टणक टॅग चुंबकावर धरून काढा, घडी घाला, मोबाइल नंबर विचारा, पिशवी हवी का विचारा, पैसे घ्या. सगळं एकटीने. या गडबडीत परवा एका बाईंच्या पाच कपड्यांपैकी सलवारीचा टॅग राहिला. घडी आधी घातली, टॅग आत दडला. दारात भोंगा वाजला. बाई माझ्याच वयाच्या, सोबत नवी सून. गार्डने पिशवी उघडायला लावली. बिल होतं, सगळं चोख होतं, पण अख्खं दुकान बघत होतं. मी धावत जाऊन माफी मागितली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

इथे कुणी हे काम केलंय का? घडी न सोडता हात कसा उचलायचा? आणि टॅग राहू नये म्हणून काही युक्ती? शिफॉनच्या ओढणीतून टॅगची पिन काढताना तर हात थरथरतो, एक धागा आधीच ओढला गेलाय.

प्रतिसाद
ताई, मी पुण्यात अकरा वर्षं काउंटर केलाय. पहिल्या महिन्यात भोंगा सगळ्यांचा वाजतो.

तुमचा घोळ घडीत नाही, क्रमात आहे. टॅग निघाल्याशिवाय कपडा उजव्या हाताला जाताच कामा नये. डावीकडे न झालेले, उजवीकडे झालेले, मधे काही ठेवायचं नाही. काढलेले टॅग थेट मोठ्या खोक्यात टाकू नका. एक रिकामी वाटी ठेवा. गिऱ्हाईक संपलं की वाटीतले टॅग आणि स्क्रीनवरचे नग जुळवा, मग वाटी खोक्यात रिकामी करा. सेट असेल तर कुर्ता आणि ओढणी दोन्हीला टॅग असू शकतो, आणि काही मालाला नुसता स्टिकर असतो. तो चुंबकाने निघत नाही, काउंटरवरच्या पॅडवरून फिरवून बंद करावा लागतो. तुमच्याकडे कशाला काय लावतात ते माल लावणाऱ्या पोरांना विचारा. त्यांना म्हणावं, पिन शिवणीत मारा, मधल्या कापडात नको. ओढणीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. राहिलेला निम्मा: टॅग चुंबकावर बसवून दाबून धरा, पिन आपोआप सुटली की मगच उचला. कापड ओढायचं नाही.

हँगर गळ्यातून नाही, खालून काढायचा. गळा ताणला की तोच कुर्ता दोन दिवसांनी बदलायला परत येतो, म्हणजे पुन्हा तुमचीच रांग. घडी दुकानाच्या टेबलावरची नको, बाह्या मागे आणि लांबीच्या तीन घड्या, बस. टिकल्यांचं काम असेल तर उलटा करून, नाहीतर शेजारचा विणीचा कपडा ओरबाडतो. जीन्स तळाला. कोऱ्या गडद जीन्सला पांढरा शर्ट चिकटवून ठेवू नका, रंग लागतो.

प्रतिसाद
गिऱ्हाईक म्हणून लिहितोय. पिशवीचं शेवटी विचारू नका, पहिला कपडा हातात घेतानाच विचारा. निम्मे लोक घरची कापडी पिशवी काढतात आणि स्वतः भरतात. पैसे देताना अचानक पिशवीचे दहा रुपये दिसले की डोकं फिरतं. आधी न सांगता असे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही डिसेंबर २०२० मध्ये म्हटलंय. मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय, त्यामुळे कुणी नाही म्हटलं तर पुढे चला. तेवढाच वेळ घडीला.

प्रतिसाद
लक्ष्मी रोडच्या जुन्या दुकानांत बिल एक जण करायचा, पैसे गल्ल्यावर, माल तिसऱ्याच खिडकीत. तीन माणसांचं काम तुम्ही एकट्या करताय. शनिवारी भरायला एक पोरगा मागा की.

प्रतिसाद (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. पोरगा मागितला, "बघू" म्हणाले, म्हणजे नाही.

वाटी मात्र शनिवार-रविवार दोन्ही दिवस ठेवली. भोंगा एकदाही वाजला नाही. एका आजोबांच्या वेळी वाटीत तीन आणि स्क्रीनवर चार निघाले. शोधलं तर चौथा शर्टाच्या कॉलरखाली होता. तीन घड्यांची सवय अजून व्हायचीय, हात आपोआप चौथी घालतो. सुपरवायझरने एवढंच विचारलं की ही वाटी कुणाची. घरची आहे, स्टीलची. प्रत्येक टॅग टणकन वाजतो आणि रांगेतले दचकतात, म्हणून आता तळाला चिंधी टाकणार आहे.